दिव्याला तेल घालणारी शेतकरीण

१२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी पाच जणांना संतपद बहाल केले. लोयोलाचे इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा आणि फिलिप नेरी ही चार नावे आपल्या घराघरांत परिचित आहेत. त्यांपैकी झेवियर तर आपल्या वसईतही येऊन गेले होते. पाचवे नाव होते इसिदोर या शेतमजुराचे. बाराव्या शतकात माद्रिदच्या व्हार्गास नावाच्या जमीनदाराच्या शेतात तो नांगर धरी. त्याची पत्नी मारिया मात्र त्या दिवशीच्या यादीत नव्हती.

इसिदोरचे सर्वांत जुने चरित्र तेराव्या शतकातील एका लॅटिन हस्तलिखितात आढळते. त्यात एक प्रसंग आहे. दारी आलेल्या गरिबाला जेवू घालण्यास इसिदोर पत्नीला सांगतो. भांडे रिकामे आहे हे तिला ठाऊक असते. तरी ती आत जाते, तेव्हा ते भांडे अन्नाने भरलेले दिसते. गरिबाच्या पानात वाढणारे हात तिचेच आहेत. पण लेखकाने तिचे नाव दिलेले नाही. तो तिला केवळ ‘पत्नी’ म्हणतो.

तिचे नाव आणि तिची कहाणी जतन केली ती गावकऱ्यांनी. परंपरा सांगते की, हारामा नदीकाठच्या पवित्र मरियेच्या एका लहानशा मंदिराची सेवा मारियाने आपण होऊन पत्करली होती. घरचे आणि शेतातले काम उरकून ती तेथे जाई, झाडलोट करी, वेदीपुढील दिव्यात तेल घाली. या सेवेसाठी तिला कोणी नेमले नव्हते. उलट, तिच्या एकटीच्या येण्याजाण्यावरून कुजबुज सुरू झाली आणि ती पतीच्या कानांपर्यंत पोहोचली. खरे काय ते पाहावे म्हणून इसिदोर नदीकाठी गेला. नदीला पूर आला होता. मारियाने आपली शाल पाण्यावर पसरली आणि ती तिच्यावरून पैलतीरी गेली, अशी आख्यायिका आहे. चमत्काराची चिकित्सा अभ्यासकांनी खुशाल करावी. मंदिराच्या सेवेला जाणाऱ्या विवाहितेला लोकनिंदेचा पूरही पार करावा लागतो, हे मात्र आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगावयास नको.

मृत्यूनंतरही लोक तिला विसरले नाहीत. अवर्षण पडले की तिच्या शिराचा अवशेष मिरवणुकीने नेऊन पावसासाठी प्रार्थना होई. स्पॅनिश भाषेत ‘काबेसा’ म्हणजे डोके. यावरूनच तिला ‘मारिया दे ला काबेसा’ हे नाव पडले. अखेर १६९७ साली पोप इनोसंट बारावे यांनी तिच्या भक्तीला मान्यता दिली. पतीच्या संतपदानंतर यास पंचाहत्तर वर्षे लागली. १७६९ पासून दोघांचे अवशेष माद्रिदच्या एकाच मंदिरात आहेत.

आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत प्रत्येक आजीच्या वाट्याला मुख्यतः तीन नोंदी येतात: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. विवाह आणि दफन यांच्या मधली चाळीस-पन्नास वर्षे तिने वाडीला पाणी दिले, बाजारात भाजी नेली, वेदीसाठी फुले आणली, आजाऱ्याच्या उशाशी रोझरी म्हटली. यांपैकी काहीच तेथे लिहिलेले नसते. मारियाला तिच्या गावाची स्मरणशक्ती लाभली. आपल्या आजींपैकी ज्या अद्याप हयात आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसण्याचे काम नातवंडांचे आहे. आणि ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही.