आतड्याच्या कर्करोगाची रक्तातली चाहूल

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, की घरच्यांना यवतमाळ, नांदेड नाहीतर नागपूरच्या वाऱ्या सुरू कराव्या लागतात. फाइल जाडजूड होत जाते. तिच्यातला 'सीईए' या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा नातेवाईक सगळ्यांत आधी शोधतात. या आकड्याकडून एके काळी फारच मोठी अपेक्षा होती.

सीईएच्या कितीतरी आधीची रक्ततपासणी म्हणजे ईएसआर. १९२०च्या सुमारास स्वीडनमध्ये फोहरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी तो रूढ केला. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळायचं, अरुंद नळीत भरून नळी उभी ठेवायची आणि तासाभराने तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचं. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं. मग पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. ना यंत्र, ना वीज. पण क्षय असो, संधिवात असो की कर्करोग, ईएसआर सगळ्यांतच चढतो. १९३०मध्ये न्यूयॉर्कला टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेल्या सीआरपी या प्रथिनाचीही तीच गत.

इकडे आपल्याकडे मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ला. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. १९४५मध्ये त्यांनी सहलेखक सूर्याबाईंसह राहणीमानाच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध मांडला. धोतराच्या घट्ट गाठीखाली कंबरेला होणारा कर्करोग त्यातलाच. आपल्याकडे डोळ्यांना दिसणारे कर्करोग इतके होते, की आतड्याकडे लक्ष उशिरा गेलं, यात नवल नाही. १९८७मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिथेही मोठ्या आतड्याचे रुग्ण फारच थोडे निघाले.

सीईए सापडलं १९६५मध्ये, मॉन्ट्रियलला. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांची युक्ती साधी होती: एकाच रुग्णाच्या आतड्याची गाठ घ्यायची आणि शेजारचा निरोगी तुकडाही. गाठीचा अर्क सशांना टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं घेतली, त्यांतली निरोगी पेशींना चिकटणारी काढून टाकली. उरलेल्यांनी ओळखलं ते गाठीतलं प्रथिन. गर्भाच्या आतड्यातही तेच मिळालं. १९६९च्या पहिल्या रक्तचाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या ३६पैकी ३५ रुग्णांत ते दिसलं. कर्करोग रक्तातूनच पकडता येणार, असं वाटू लागलं!

आशा फार टिकली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत, यकृत बिघडलेल्यांतही सीईए वाढलेलं निघालं आणि सुरुवातीच्या गाठींत ते बऱ्याचदा वाढतच नाही. म्हणून आज त्याचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर होतो: काही महिन्यांच्या अंतराने मोजायचं आणि आकडा चढत निघाला, तर रोग परतला का ते शोधायचं.

गंमत म्हणजे जुन्या, स्वस्त तपासण्यांना पुन्हा भाव आला. ग्लासगोच्या डॉक्टरांनी सीआरपी आणि अल्ब्युमिन ही रक्तातली प्रथिनं एकत्र वाचून रुग्णाला गुण द्यायला सुरुवात केली. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३५ ग्रॅमच्या खाली असेल, तर रुग्णाचा पुढचा प्रवास अवघड. २००६मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांनी थेट गाठीतल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, मोजल्या. त्या भरपूर असलेले रुग्ण अधिक जगत होते. ही मोजणी मात्र रक्तात होत नाही, काढलेल्या गाठीचा तुकडा लागतो. ग्लासगोच्या पद्धतीतही अडचण आहेच: यकृत किंवा मूत्रपिंड बिघडल्यावरही अल्ब्युमिन घसरतं. त्यामुळे ग्लासगोचे गुण लावण्याआधी डॉक्टरला पेशंटचे बाकीचे आजार विचारावेच लागतात.