रोजचा डोंगर कुणी मोजला नाही

आजचा भाग माझ्या एका जुन्या रागातून निघालाय.

माझी शाळा कोयनानगरची. आम्ही वाडीवरची पोरं सकाळी डोंगर उतरून यायचो, संध्याकाळी चढून घरी जायचो. नववीत ६०० मीटर धावण्याची चाचणी झाली. मी शेवटचा आलो. सरांनी वेळा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या आणि पोरं हसली. ‘व्यायाम आपलं काम नव्हे’ हे त्या दिवशी डोक्यात बसलं, ते पुढची वीस वर्षं निघालं नाही. रोजचा डोंगर मात्र कुणी मोजला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

शाळेत मुलांना असं मोजायची टूम आली कुठून? १९५० च्या दशकात हान्स क्राउस आणि बॉनी प्रुडन यांनी सहा साध्या हालचालींची चाचणी घेतली. तीत सुमारे ५८ टक्के अमेरिकन मुलं नापास झाली, तर युरोपातली जेमतेम ९ टक्के. शीतयुद्धाचे दिवस होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये खास परिषदच नेमली आणि मग शाळाशाळांत चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडेही १९५९-६० मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम काढली. देशाला दणकट तरुण हवे होते. चाचणीनंतर पोराला काय वाटतं, हा प्रश्न तेव्हा कुणापुढे नव्हता.

याच्या कितीतरी आधी आमच्याच जिल्ह्यात वेगळा प्रयोग झाला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. औंध आज साताऱ्यात, त्याच संस्थानातलं आटपाडी सांगलीत. तिथंही सक्ती होतीच, ती लपवायची नाही. पण राजा स्वतः रोज नमस्कार घालायचा. आणि नमस्काराचं असं की काल बारा घातले तर आज तेरा. शर्यत आपली आपल्याशीच.

हा फरक छोटा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या संशोधकांनी हजारावर प्रौढांना शाळेतल्या पी.टी.च्या आठवणी विचारल्या. ज्यांच्या आठवणी कडू, ते मोठेपणी जास्त बैठे निघाले. वाईट आठवणींत चारचौघांत झालेली फजिती वारंवार येत होती.

आता २०१९ पासून ‘खेलो इंडिया’ची चाचणी आहे. तीतही तेच ६०० मीटर. परवा भाची म्हणाली, “मामा, मला पळायला जमतच नाही.” मी विचारलं, “गेल्या वर्षी किती वेळ लागला होता?” तिनं निकाल काढला. यंदा ११ सेकंद कमी लागले होते! हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घड्याळ वाईट नाही हो. ते कुणाशी तुलना करायला लावतं, तिथं सगळी गोम आहे.

तुमची शाळेतली आठवण जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.