घरची विद्या आणि घरची भाषा

गृहशास्त्राच्या शिक्षकाने काय शिकवावे, असे विचारले तर स्वयंपाक, शिवणकाम, बालसंगोपन, आरोग्य आणि जमाखर्च ही नावे लगेच पुढे येतात. ही यादी योग्यच आहे. पण तिच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या घरासाठी ही विद्या द्यावयाची, ते घर कोणत्या भाषेत बोलते? आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई या लहानशा गोंड गावाने या प्रश्नाचे एक उत्तर १९४३ साली दिले आणि ते आजही विचारात घेण्याजोगे आहे.

त्या उत्तरामागे मोठे दुःख होते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. तंटा जंगलाचा आणि जमिनीचा होता. त्यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ या भागात आले. दुसऱ्या महायुद्धामुळे ते इंग्रजांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते आणि त्यांच्या वास्तव्यावर हैदराबाद संस्थानापुरते बंधन होते. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाईत गोंडांच्या शेजारी राहिले.

तेथे त्यांना जे दिसले ते कोणत्याही कुटुंबाच्या अर्थव्यवहाराला चिंतेत टाकील असे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे होती. सरकारी दप्तर उर्दूत होते, सावकाराची वही सावकारालाच वाचता येत होती, आणि गोंड कुटुंब घरात गोंडी बोलत होते. आपण किती घेतले, किती फेडले आणि कशावर अंगठा उमटवला, हे घरच्या कर्त्यालाही कळत नव्हते. पुढे सरकारने ‘लावणी खास’ नियमांखाली हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे दिले. परंतु ज्याला पट्टा वाचता येत नाही, त्याच्या हातून तो जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून जमिनीबरोबर शाळाही हवी, हे उघड झाले.

शिकवणार कोण, हा खरा पेच होता. बाहेरचा शिक्षक त्या रानात राहण्यास नाखूश, आणि राहिला तरी मुलांची भाषा त्याला येत नसे. तेव्हा शिक्षक गोंडांमधूनच घडवावयाचे ठरले. थोडेफार मराठी वाचता येणारे काही गोंड तरुण निवडून मारलवाईच्या केंद्रात त्यांना अध्यापनाचे शिक्षण देण्यात आले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. ही लिपी मराठीमुळे त्या भागात आधीच ओळखीची होती. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे या जिल्ह्यात अधिकारी म्हणून आलेले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून त्यांविषयी लिहिले, हेही येथे स्मरले पाहिजे.

मारलवाईची शाळा गृहशास्त्राची नव्हती. तरीही तिची पद्धती गृहशास्त्राच्या शिक्षकाला मार्गदर्शक आहे. शिक्षक त्याच समाजातला, धड्याचा विषय ओळखीचा, भाषा आईच्या तोंडची, आणि मग त्या पायावर अक्षर, अंक व हिशेब. ओळखीच्याकडून अनोळखीकडे जाण्याचा हा क्रम होता.

हाच क्रम महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली निराळ्या परिस्थितीत स्वीकारला होता. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेचे माध्यम ठेवले आणि गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. घराचे शास्त्र आणि घरची भाषा या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या, हा योगायोग नव्हता.

याचीच दुसरी बाजू म्हणजे प्रात्यक्षिक. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली बिनधुराची चूल प्रचारात आणली. धुराने डोळे जातात, हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा एका घरात तशी चूल मांडून दाखवणे केव्हाही परिणामकारक. पण चूल मांडल्यावर धुराडे वेळोवेळी का झाडावयाचे, हे सांगावे लागतेच. आणि ते सांगण्यास पुन्हा घरची भाषाच हवी.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, शाळांत तेलुगू आली आणि गोंडी पुस्तके मागे पडली. हायमेनडॉर्फ यांनी पुढे १९८२ च्या आपल्या ग्रंथात याविषयी खेद व्यक्त केला. तेलुगूची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. राज्यव्यवहार त्या भाषेत होता. पण पहिली पायरीच काढून घेतली म्हणजे मूल दुसऱ्या पायरीवर उडी मारीत नाही, ते अंगणातच थांबते.

२०१६ साली जिल्ह्याची विभागणी झाली आणि मारलवाई कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. १९८७ साली निधन पावलेल्या बेटी यांची समाधी त्याच गावात आहे. परक्या देशातून आलेल्या या जोडप्याने प्रथम त्या घराची भाषा ऐकून घेतली आणि मग शिकवण्याचा विचार केला. घर शिकवण्यास निघालेल्या प्रत्येक शिक्षकाने धड्याची टिपणे काढण्यापूर्वी एवढे तरी करावे.