क्लार्क आणि फासाचा दोर

'मुलगा बी. ए. झाला आणि शेवटी क्लार्कच झाला,' असे सांगताना बापाच्या त्या 'च'मध्ये केवढी निराशा असते! पण याच शब्दाने एके काळी माणसाचा जीव वाचवला आहे, हे त्याला सांगितले तर?

मूळ शब्द ग्रीक, 'क्लेरोस'. चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेला हिस्सा, असा त्याचा अर्थ. त्यावरून ख्रिस्ती धर्मोपदेशकांना लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' म्हणू लागले. मध्ययुगात लिहिणेवाचणे येई ते बहुधा याच वर्गाला. म्हणून इंग्रजीत 'क्लार्क' म्हणजे आधी पाद्री, मग विद्वान. चौदाव्या शतकात चॉसरने रंगवलेला ऑक्सफर्डचा क्लार्क हा पुस्तकांवर जीव टाकणारा गरीब विद्यार्थी आहे, हिशेबनीस नव्हे.

आता गंमत पाहा. पाद्र्याने गुन्हा केला तर राजाचे न्यायालय त्याला फाशी देत नसे. त्याला धर्मपीठाच्या स्वाधीन करीत. पण पाद्री ओळखायचा कसा? 'वाचून दाखव' म्हणायचे! हळूहळू वाचता येणारा कोणीही गृहस्थ क्लार्क ठरू लागला. वाचायला देत ते बहुधा बायबलातले ५१ वे स्तोत्र. लोकांनी त्याला 'मानेचे कडवे' असेच नाव पाडले. काही निरक्षर बिचारे ते पाठ करून ठेवीत. १४८९ साली कायदा झाला, की पाद्री नसलेल्याला ही सवलत एकदाच मिळावी. खूण म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग द्यावा. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली द्वंद्वयुद्धात एका नटाला ठार केले. तो अंगठ्यावर डाग घेऊन सुटला, कारण त्याला वाचता येत होते.

आणि ज्याला येत नव्हते तो? त्याच गुन्ह्याबद्दल तो फासावर जाई. वाचनाची ही परीक्षा १७०६ साली बंद झाली आणि सवलतच १८२७ साली रद्द झाली.

शब्दाची वाट मात्र चालूच राहिली. पाद्री गेला, विद्वान गेला, लेखणी तेवढी उरली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये क्लार्क हा आजही मोठा मानाचा अधिकारी आहे. अमेरिकेत दुकानात माल विकणाराही क्लार्कच! आपला 'कारकून' हा शब्द फारसी. त्याचा अर्थ नुसता 'काम करणारा'. एका शब्दाचा जन्म कामातून, तर दुसऱ्याला थोरवी आली ती अक्षरओळखीतून.

तेव्हा त्या बापाला एवढेच सांगावेसे वाटते, की बाबा रे, 'क्लार्कच' म्हणू नकोस. त्या अक्षरांसाठी माणसांनी मान पणाला लावलेली आहे.