हाफवे होम आणि शेजाऱ्यांच्या शंका

मानसिक आजारातून सावरलेल्या, परंतु परतण्यासाठी घर उरलेले नाही अशा व्यक्तींसाठी समाजातच निवासाची सोय असावी, असे देशाचा कायदा सांगतो. प्रत्यक्षात अशा गृहासाठी एखाद्या गावाजवळ जागा निश्चित झाली की परिसरातील रहिवाशांमध्ये अस्वस्थता पसरते. ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात, निवेदने दिली जातात आणि काही वेळा प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचते. या शंकांपैकी कोणत्या रास्त आहेत, कोणत्या गैरसमजातून येतात आणि कायद्याने दोन्ही बाजूंना कोणते अधिकार दिले आहेत, याचा हा आढावा.

हाफवे होम म्हणजे काय?

रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्यामधला मुक्काम, असे हाफवे होमचे सोपे वर्णन करता येईल. मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये २०१८ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, रुग्णालयातून सुटी मिळालेल्या, परंतु स्वतंत्रपणे किंवा कुटुंबासमवेत राहण्यास अद्याप पूर्णपणे सज्ज नसलेल्या व्यक्तींसाठीची ही तात्पुरती निवासव्यवस्था होय. तेथे औषधे वेळेवर घेणे, स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, एखादे काम शिकणे अशा गोष्टींची सवय पुन्हा लावली जाते. येथे दाखल होणाऱ्या व्यक्तीने पुढे आपल्या घरी अथवा स्वतंत्र निवासात जावे, अशी अपेक्षा असते. म्हणूनच हाफवे होम हे मनोरुग्णालय नाही, तसेच ते कायमचा आश्रमही नाही.

इंग्लंडमध्ये १९५९ साली सुरू झालेल्या रिचमंड फेलोशिप या संस्थेने अशा गृहांची कल्पना रुजविण्यात मोठा वाटा उचलला. तिची भारतीय शाखा १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. त्याच शहरातील मेडिको-पास्टोरल असोसिएशन ही १९६४ पासूनची संस्थाही या क्षेत्रातील अग्रणी मानली जाते. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, तर १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी सुरू केलेली 'द बॅनियन' या संस्थांनी निवासी पुनर्वसनाचे काम उभे केले.

ओरगडम परिसर आणि संशयाची मुळे

चेन्नईच्या नैऋत्येस असलेले ओरगडम हे एकेकाळचे शेतीप्रधान खेडे. गेल्या दोन दशकांत येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. रेनो-निसानचा मोटार कारखाना २०१० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर अवजड वाहने व मोटारसायकली बनविणारे कारखानेही आले. जुनी गावे, नव्याने पाडलेले भूखंड आणि परप्रांतीय कामगारांच्या खोल्या यांची येथे सरमिसळ झाली आहे. शहरात परवडेल अशी जागा मिळत नसल्याने निवासी संस्था अशाच शहरालगतच्या ग्रामीण पट्ट्याकडे वळतात. जुन्या ग्रामस्थांना संस्थेची ओळख नसते, नव्या रहिवाशांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेले असते आणि शेजाऱ्यांशी आधी बोलावे असे संस्थेला वाटलेले नसते. अशा स्थितीत संशयाला जागा मिळते.

तमिळनाडूत या संशयाला इतिहासाचा आधारही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. एरवाडीचा दर्गा मानसिक आजार बरे करण्यासाठी प्रसिद्ध असल्याने तेथे अशी अनेक अनधिकृत निवासस्थाने उभी राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तमिळनाडू सरकारने २००२ मध्ये मनोसामाजिक पुनर्वसन केंद्रांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले.

ओरगडम ज्या कांचीपुरम जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील पालेश्वरम येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये वेगळ्या प्रकारच्या संस्थेवरून वादळ उठले. निराधार वृद्धांसाठीच्या एका शुश्रूषागृहाच्या भाजी वाहून नेणाऱ्या गाडीतून वृद्धांसोबत एक मृतदेह नेला जात असल्याचे रस्त्यावरील लोकांच्या लक्षात आले. त्यानंतर गंभीर आरोप झाले. संस्थेने त्यांचा इन्कार केला. प्रशासनाने तपासणी करून तेथील रहिवाशांना अन्यत्र हलविले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये विळुपुरम जिल्ह्यात परवान्याविना चालणाऱ्या एका आश्रमातून शंभराहून अधिक व्यक्तींची सुटका करण्यात आली आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण यंत्रणेकडे सोपविण्यात आला.

या तिन्ही घटनांमध्ये हानी झाली किंवा होण्याची भीती होती ती आत राहणाऱ्यांची. शेजाऱ्यांना आत राहणाऱ्यांपासून धोका झाल्याचे यांपैकी एकाही प्रकरणाचे मूळ नव्हते. शेजाऱ्यांचा प्रश्न 'ही माणसे आमच्याजवळ का?' असा असतो, तेव्हा खरा प्रश्न 'या माणसांवर देखरेख कोणाची?' हा असतो. दुसऱ्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे.

कायदा काय सांगतो?

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्याशी सुसंगत असा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संसदेने संमत केला आणि तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम १८ नुसार हाफवे होम आणि आश्रित निवासाची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे. कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा आणि समाजापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही.

हा हक्क कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. बरे होऊनही उत्तर प्रदेशातील मनोरुग्णालयांत खितपत पडलेल्या व्यक्तींविषयी गौरवकुमार बन्सल यांनी जनहित याचिका केली होती. २०१७ पासून या प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पुनर्वसनगृहांसंबंधी वेळोवेळी निर्देश दिले. जुलै २०२१ मध्ये, अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवून 'पुनर्वसन' झाल्याचे दाखविण्याच्या महाराष्ट्रातील प्रकाराबद्दल न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली.

याच कायद्याने रहिवाशांच्या हातीही काही साधने दिली आहेत. ज्या ठिकाणी मानसिक आजाराच्या व्यक्तींना उपचार, विश्रांती वा पुनर्वसनासाठी ठेवले जाते, अशा प्रत्येक संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. आधी १२ महिन्यांची तात्पुरती नोंदणी मिळते. कायम नोंदणीपूर्वी, किमान मानके पूर्ण केल्याचे संस्थेने दिलेले पुरावे प्राधिकरणाने ३० दिवस जाहीर करून त्यावर हरकती मागवायच्या असतात. नोंदणीनंतर दर तीन वर्षांनी तपासणी होते. किमान मानके पाळली जात नसल्याची तक्रार कोणीही व्यक्ती करू शकते आणि त्यावरून प्राधिकरण तपासणीचा आदेश देऊ शकते. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. नोंदणीविना संस्था चालविल्यास पहिल्या वेळी पाच हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत, तर पुढील उल्लंघनांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. कुटुंबाने पाठ फिरविल्यामुळे बरे होऊनही तेथेच वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचा प्रश्न या चारही ठिकाणी जुना आहे.

खासगी प्रयत्नांमध्ये डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे उदाहरण बोलके आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या गावी पोहोचविण्याचे काम ही संस्था करते. मुंबईत दहिसर येथे संस्थेने निवासी केंद्र सुरू करण्याचे ठरविले तेव्हा परिसरातील रहिवाशांनी विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि संस्थेच्या बाजूने निकाल लागल्यानंतर केंद्र सुरू होऊ शकले. २००६ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात संस्थेचे मोठे केंद्र उभे राहिले. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या कामाला एका शहरातील शेजाऱ्यांनी हरकत घेतली, त्याच कामाचा आशिया खंडात गौरव झाला.

दुसरी वाट 'द बॅनियन'च्या 'होम अगेन' उपक्रमाने दाखविली. २०१५ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या या उपक्रमात दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच व्यक्ती गावातील किंवा शहरातील साध्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात आणि त्यांना मदतनिसांचा आधार असतो. वेगळी इमारत नाही, फलक नाही, उंच कुंपण नाही. घर मिळविणे हीच यातली पहिली कसोटी असते, मात्र एकदा राहणे सुरू झाले की वाणसामान, सणवार आणि शेजारपाजार यांतून ओळख वाढत जाते. महाराष्ट्रात रत्नागिरीतही हा उपक्रम राबविण्यात आला.

कैद्यांच्या बाबतीत तर महाराष्ट्राच्या भूमीवर याहून जुने उदाहरण आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील या वसाहतीत गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी भिंतीविना शेती करीत राहिले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत होती.

सुरक्षितता आणि घरांच्या किमती

रहिवाशांची सर्वांत मोठी चिंता सुरक्षिततेची असते. या विषयावरील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास अमेरिकेतील मॅकआर्थर प्रकल्पाचा असून त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मनोरुग्णालयातून सुटी मिळालेल्या व्यक्तींची तुलना त्यात त्याच वस्त्यांमधील शेजाऱ्यांशी करण्यात आली. व्यसनाधीनतेची लक्षणे नसलेल्या रुग्णांमध्ये आणि तशीच लक्षणे नसलेल्या शेजाऱ्यांमध्ये हिंसेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. व्यसनामुळे मात्र दोन्ही गटांत हिंसेचे प्रमाण वाढत होते. म्हणजेच हाफवे होममध्ये व्यसनमुक्तीची आणि औषधोपचाराची व्यवस्था कशी आहे, हा प्रश्न विचारणे सयुक्तिक ठरते.

घरांच्या किमती घसरण्याच्या भीतीविषयी ज्यूलियन वॉल्पर्ट यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बौद्धिक अपंगांच्या गटनिवासांचा अभ्यास केला. शेजारच्या मालमत्तांच्या किमतींवर अशा निवासांचा प्रतिकूल परिणाम झाल्याचे त्यांना दिसले नाही. अर्थात तेथील बाजार आणि आपला बाजार यांत अंतर आहे, याचे भान ठेवलेच पाहिजे.

टेक्सासमधील क्लेबर्न शहराचा खटला या वादात नेहमी आठवला जातो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या १३ व्यक्तींच्या गटनिवासाला नगरपालिकेने परवानगी नाकारली होती. शेजाऱ्यांचा विरोध, समोरची शाळा आणि पूररेषा ही कारणे पुढे करण्यात आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा नकार अवैध ठरविला. रुग्णालये आणि वृद्धाश्रमांना जेथे विशेष परवानगी लागत नाही, तेथे केवळ या निवासाला ती का लागावी, असा न्यायालयाचा सवाल होता. शेजाऱ्यांची निव्वळ भीती हा परवानगी नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, हे या निकालाने स्पष्ट केले.

रहिवाशांनी काय विचारावे?

एखाद्या गावात असा प्रस्ताव आल्यास ग्रामस्थांना पुढील प्रश्न विचारता येतील. संस्थेची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाली आहे काय? किती व्यक्ती राहणार आणि त्या तुलनेत जागा, पाणी व सांडपाण्याची व्यवस्था पुरेशी आहे काय? मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येणार? रात्री कोण हजर असेल? इमारतीला आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग आहेत काय? तातडीच्या प्रसंगी रुग्णाला कोणत्या रुग्णालयात नेणार? एखाद्याचा मृत्यू झाल्यास पोलिसांना व नातेवाइकांना कळविण्याची पद्धत कोणती? तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधावा? मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक संस्थेत दर्शनी भागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

काही प्रश्न मात्र विचारता येणार नाहीत. राहणाऱ्यांची नावे, त्यांचा आजार, त्यांचा पूर्वेतिहास ही माहिती कायद्याने गोपनीय आहे. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्रही प्रसिद्ध करता येत नाही. कोणी बाहेर फिरू नये, दुकानात येऊ नये, अशी अट घालणे म्हणजे कलम १९ मधील हक्कच नाकारणे होय.

संस्थांच्या बाजूनेही काही पथ्ये आवश्यक आहेत. इमारत बांधून झाल्यावर गावाला कळविण्याऐवजी जागा घेतानाच ग्रामपंचायतीशी चर्चा करणे, एका ठिकाणी शेकडो जणांना ठेवण्याऐवजी लहान गट ठेवणे, स्थानिकांना कामावर घेणे आणि बाह्यरुग्ण सेवा गावासाठीही खुली करणे यांमुळे अविश्वास कमी होतो. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूसह १२ राज्यांचा समावेश होता. देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते, असे त्यात आढळले. याचा अर्थ, हाफवे होम गावात येण्यापूर्वीच मानसिक आजार गावात असतो. तो घराच्या आतल्या खोलीत असतो, एवढेच.

कायद्याने हक्क दिला, न्यायालयाने मुदती दिल्या, तरी राहण्याची जागा अखेर कोणत्या तरी गावातच मिळावी लागते. ती मिळेपर्यंत, डॉक्टरांनी घरी जाण्यास योग्य ठरविलेली माणसे रुग्णालयाच्या कक्षात दिवस मोजत राहतात. संस्थेची नोंदणी, मनुष्यबळ आणि आगीपासूनची सुरक्षितता यांबाबत काटेकोर राहणारे गाव या माणसांचे शत्रू ठरत नाही. एरवाडीत नेमकी अशीच विचारपूस करणारे कोणी नव्हते.