रायगडाच्या पायथ्याशी बदललेल्या कार्यप्रणाली

वर्षानुवर्षे विंडोजवर मराठी टंकलेखन केलेल्या माणसासमोर लिनक्सचा संगणक ठेवला, की थोड्याच वेळात त्याचा धीर सुटतो. भाषा तीच, मजकूर तोच. पण बोट जिथे जाते तिथे अपेक्षित अक्षर नसते. ही अस्वस्थता संगणकाबरोबर जन्मली असे मात्र नाही. महाड-पोलादपूरच्या मुलखातील लेखणीने ती संगणकाच्या कितीतरी आधी अनुभवली आहे.

आरंभ रायगडापासून करावा लागतो. आजच्या महाड तालुक्यातील या गडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेव्हा दख्खनच्या कारभारात फारसी शब्द तीन शतके मुरलेले होते. हुकूम, दफ्तर, जमा, खर्च हे शब्द कारकुनाला परके वाटतच नव्हते. ते त्याच्या बोटांत उतरले होते.

शिवाजी महाराजांनी या कारभाराची परिभाषा बदलण्याचे काम रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे सोपवले. त्यातून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्याची पद्यरचना धुंडिराज व्यासांची. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द. कारभारातला रूढ शब्द आणि त्याचा संस्कृत पर्याय, अशी जोडी. पद्य का? कारण पद्य पाठ होते, आणि लिहिता लिहिता कोश उघडून बसायला कारकुनाला सवड नसते.

या रचनेतले शहाणपण फारसे लक्षात घेतले जात नाही. कोशाने जुना शब्द पुसला नाही, नव्याशेजारी बसवला. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, सुरनीस म्हणजे सचिव, डबीर म्हणजे सुमंत, सरनौबत म्हणजे सेनापती. जुने जाणणाऱ्याला नव्यात येण्यासाठी हा पूल होता.

पुढे काय झाले? ‘फारसीची हकालपट्टी’ असे चित्र समाजमाध्यमांवर रंगवले जाते, ते कागदपत्रांत सापडत नाही. अठराव्या शतकात पंतप्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले. फडणीस, चिटणीस टिकले. पत्रांवर सुहूर सनही पडत राहिला. आजही महाडमध्ये जमिनीच्या कागदाची नक्कल हवी असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. त्या एका वाक्यातील जमीन, कागद, नक्कल, तहसीलदार, अर्ज हे सारे शब्द अरबी-फारसी वळणाचे, आणि तेही राजधानीच्याच तालुक्यात! तरीही कोश वाया गेला असे म्हणता येत नाही. अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द आज सहज कळतात, त्यात अष्टप्रधानांच्या या पदनामांचा वाटा मोठा आहे.

मोडी लिपीच्या वाट्याला असा पूल आला नाही. हात फारसा न उचलता भरभर लिहिण्याची ही कारभारी लिपी विसाव्या शतकात आधी दफ्तरांतून आणि मग शाळांतून गेली. बालबोध आली, छपाई सोपी झाली. पण जुन्या कागदांचे लिप्यंतर कोण करणार, हा प्रश्न तसाच राहिला. आजोबांनी घडाघडा वाचलेला दस्त नातवाला नक्षीसारखा दिसू लागला. त्याची किंमत २०२३ मध्ये उघड झाली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. दाखला मिळणे न मिळणे एका न वाचता येणाऱ्या ओळीवर येऊन ठेपले.

आता संगणक. मराठी त्यावर प्रथम डॉसच्या काळात नांदू लागली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसवले जाई आणि काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांचे सांकेतिक क्रमांक ठरवणारे ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ चे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. म्हणजे पाया दोन्हीकडे घातलेला होता.

पण १९९५ नंतर विंडोज घरोघर, दुकानोदुकानी पोहोचले आणि छपाईच्या धंद्याने सोपी वाट धरली. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की लग्नपत्रिकेचा मजकूरही सांकेतिक खलित्यासारखा दिसे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय होती. एक्सपीत ती सुरू करण्यासाठी बहुधा मूळ सीडी लागे, आणि ती दुकानात क्वचितच सापडे. बोटांना वळण लागले ते जुन्या फाँटांचेच.

त्या वळणाची परीक्षा आता होते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांसाठी लिनक्स हा खराखुरा पर्याय ठरला. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स तर २००७ पासून उपलब्ध आहे. येथे दोन टंकलेखकांच्या वाटा वेगळ्या होतात. जो इनस्क्रिप्ट कळपाटावर शिकला, त्याला रोमन ‘के’च्या कळीवर विंडोजमध्येही ‘क’ मिळतो आणि लिनक्समध्येही. कारण तो आराखडा कोणा एका कंपनीचा नसून १९८६ मध्ये ठरलेले भारतीय मानक आहे. जो विशिष्ट फाँट आणि त्यासोबतच्या विंडोजपुरत्या सॉफ्टवेअरवर शिकला, त्याचे कौशल्य दारातच अडते.

त्याच्या जुन्या फायलींसाठी परिवर्तक आहेत. राज्यव्यवहारकोशासारखेच त्यांचे काम, या खुणेऐवजी ती खूण. पण शब्दाला शब्द ठेवण्याइतके ते सरळ नाही. ‘किल्ला’ लिहिताना जुन्या फाँटात पहिली वेलांटी आधी साठवली जाई आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. ‘दुर्ग’मधला रफार जुन्या फाँटात ‘ग’च्या मागून येई, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. परिवर्तक घसरतो तो बहुधा याच जागी, आणि मग मूळ मजकूर ठाऊक असलेल्या माणसाला ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते.

मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. आता ती लिनक्सवरही टंकित करता येते. पेटीतल्या दस्तांचे लिप्यंतर मात्र अजून बहुतांशी हातानेच चालते.