चायनीजच्या गाडीवरचा जाळ आणि आमच्या मागच्या दारची चूल

हेडफोन सापडत नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

मागच्या भागात नाणेघाटावर बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, 'दादा, कधीतरी खाण्यावर पण कर.' म्हणून आजचा विषय आहे चिकन नूडल्स. तेही गाडीवरचे, लालभडक, धुराचा वास असलेले, आणि घरी केलेले. हसू नका, हा इतिहासाचाच भाग आहे.

पुणे-नाशिक हायवेने गावी येताना राजगुरुनगर मागे पडलं की मी एक खेळ खेळतो. 'चायनीज' लिहिलेले बोर्ड मोजायचे. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. लाल रंग, त्यावर पिवळी अक्षरं आणि कोपऱ्यात एक ड्रॅगन, जो कधी मगरीसारखा तर कधी चक्क आमच्याकडच्या बिबट्यासारखा दिसतो. आळेफाट्यापर्यंत मोजदाद कधीच नीट पूर्ण होत नाही, मध्येच झोप लागते. पण प्रश्न डोक्यात राहतो. शिवनेरीच्या पायथ्याशी, हिरड्याच्या आणि कांद्या-टोमॅटोच्या मुलखात, हे नूडल्स आले कसे?

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शाळेत होतो तेव्हा नारायणगावला संध्याकाळी एक निळी गाडी लागायची. चालवणारा नेपाळचा होता. सगळे त्याला 'भाई' म्हणायचे. म्हणजे मोठी माणसं 'भाई' म्हणायची, आम्ही पोरं लांबून 'ए चिनी' असं ओरडून पळायचो. मी पण ओरडलोय. आणि दहा मिनिटांनी त्याच्याचकडे तीस रुपये घेऊन हाफ नूडल्स मागायला उभा राहिलोय. तो काही बोलायचा नाही. एकदाच, मी कढईकडे टक लावून बघतोय हे पाहून, अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत म्हणाला होता, "नूडल गरम असेल ना, तर हात नाय लावायचा. थंडा होऊ दे, सुखा होऊ दे."

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मी हिंजवडीतली खोली सोडून लॅपटॉप घेऊन गावी आलो, आणि भाई त्याच्या गावी गेला. गाडी नंतर परत लागलीच नाही. त्याच जूनमध्ये गलवान झालं आणि सगळीकडे बहिष्काराची भाषा सुरू झाली. केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी तर चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला, असं म्हटलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या बातमीखाली दोनशे मेसेज पडले. मी तेव्हा घरी नूडल्सचा लगदा करत होतो. खरोखरचा लगदा. आईने तो म्हशीला घालू का विचारलं.

बंदी घालायची म्हणजे नक्की कोणावर? गाडीवरच्या त्या प्लेटमधला कोबी आणि ढोबळी मिरची आपल्याच तालुक्यातली, कांद्याची पात ओतूरच्या बाजूची, कोंबडी ब्रॉयलर. व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केली, तिचं मुख्यालय पुण्यात. त्या धंद्याने चिकन स्वस्त झालं नसतं तर आमच्यासारख्यांच्या ताटात ते जत्रेपुरतंच आलं असतं. आणि पदार्थ? तो ज्यांनी घडवला ती माणसं भारतात जन्मलेली होती.

आता थोडं कोलकात्याला जाऊ.

अठराव्या शतकाच्या शेवटी वॉरन हेस्टिंग्जच्या काळात एका चिनी व्यापाऱ्याने हुगळीच्या काठी, बजबजजवळ, जमीन मिळवून उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना सुरू केला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे आणखी लोक आले. कँटनकडचे सुतारकाम करायचे, हुपेकडचे दातांचे दवाखाने चालवायचे, आणि हक्का लोक चामड्याच्या धंद्यात शिरले, जो धंदा इथल्या जातीपातीमुळे फार कोणी करायला तयार नव्हतं. टांग्रा भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या. 'हक्का' या शब्दाचा अर्थच पाहुणे कुटुंब. आपण पाकिटावर 'हक्का नूडल्स' वाचतो तेव्हा ते एका समाजाचं नाव वाचत असतो. मला हे पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, हाका मारून विकतात म्हणून हक्का.

या मंडळींनी खाणावळी काढल्या आणि बंगाली गिऱ्हाइकाला आवडेल असा मसाला हळूहळू वाढवत नेला. हिरवी मिरची आली, कांदा वाढला, रस्सा घट्ट झाला. आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोडचा फोर्क झाला आणि मग तो फोर्कच जास्त चालला.

आणि मग १९६२. इथे मला जरा थांबायचंय.

२० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी केली. पण त्या महिन्याभरात आसाममधलं मकुम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या लोकांना उचलायला सुरुवात झाली. सुमारे ३००० जणांना रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात म्हातारे होते, लहान मुलं होती, आणि कित्येकांची आई आसामी किंवा खासी होती. चीन त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. कुणावर खटला नाही की आरोपपत्र नाही. काही जण तर १९६७ पर्यंत तिथेच होते. सुटून आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली होती. पुढे हजारो जण देश सोडून गेले, बरेचसे कॅनडाला. आज टोरंटोत 'हक्का' नावाने चालणाऱ्या हॉटेलांत चिली चिकन मिळतं, आणि तिथली भारतीय कुटुंबं ते घरची चव म्हणून खातात. घर म्हणजे भारत, चीन नव्हे.

हे शाळेच्या पुस्तकात माझ्या तरी वाट्याला आलं नाही. युद्धावर एक परिच्छेद होता. देवळी नव्हती. आणि मी निळ्या गाडीपासून लांब उभा राहून काय ओरडायचो, ते हे वाचताना पुन्हा ऐकू आलं. भाई तर नेपाळचा होता, चिनीसुद्धा नव्हता. पण ओरडताना आम्हाला तरी कुठे फरक पडत होता.

महाराष्ट्रातला धागा मात्र वेगळा आहे. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, बोटींवर काम करणाऱ्या समाजाने बांधलेलं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, इंग्रजांनी मलायाकडचे चिनी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवले होते. त्यांनी तिथे बटाटे आणि भाज्यांचे मळे केले. चायनामन्स धबधबा हे नाव त्यातूनच. म्हणजे मराठी मुलखातल्या भाजीपाल्याला चिनी हात लागला तो बेड्या घातलेला हात होता.

शहरातली चिनी हॉटेलं, कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं कामलिंग, ही साहेबलोकांची आणि पैसेवाल्यांची. गाडीपर्यंतची वाट उघडली ती नेल्सन वँगसारख्यांनी. कोलकात्यात जन्मलेला हा माणूस १९७० च्या दशकात मुंबईत आला. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये काम करताना १९७५ मध्ये कुणीतरी काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा आलं-लसूण-हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून आणि कॉर्नफ्लॉवरने दाट करून आपण चिकन मंचुरियन केलं, असं तो सांगतो. बघा, सुरुवात तर आपल्या घरच्या वाटणाचीच आहे! १९८३ मध्ये त्याने चायना गार्डन काढलं. त्याच सुमारास मॅगी आली आणि नूडल्स हा शब्द किराणा दुकानात पोचला. पुढे कोकणातल्या, उत्तरेतल्या, नेपाळमधल्या पोरांनी मुंबईच्या हॉटेलांत हात बसवला आणि बाहेर येऊन गाड्या टाकल्या. तिथून पुणे, मग चाकण, मग आम्ही.

'शेजवान'बद्दल एक गंमत. हे सिचुआन प्रांताचं नाव. त्या प्रांताची खरी ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी तिथली मिरी, आणि तीच आपल्या शेजवान चटणीत नसते. पण त्या मिरीचं सख्खं भावंड आपल्याकडे आहे, कोकणातलं तिरफळ. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कूळच नाही, प्रजातही एकच. मालवणी बांगड्याच्या कालवणात पडतं ते. मी मागवलं, बिया काढून दोन-चार टरफलं चटणीत वाटली. आई म्हणाली, "दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यासारखं वाटतंय." मला आवडलं. घरातल्या मतदानात मी पडलो.

अजिनोमोटोचंही सांगून टाकतो, कारण हा प्रश्न येणारच. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या प्राध्यापकाने समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, पदार्थाचं नव्हे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि 'चिनी हॉटेलात जेवल्यावर त्रास होतो' ही समजूत जगभर पसरली. नंतरच्या चाचण्यांत ती काही ठामपणे सिद्ध झाली नाही. गंमत म्हणजे पिकलेल्या टोमॅटोत तेच ग्लुटामेट निसर्गतःच असतं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये उभं राहून अजिनोमोटोला शिव्या देणं जरा विनोदीच आहे. मी चिमूट न घालता एक पिकलेला टोमॅटो किसून आटवतो.

आता करायचं कसं. लगद्याची बारा-पंधरा आवर्तनं झाल्यावर जे हाती लागलं ते सांगतो.

दोनशे ग्रॅम नूडल्स भरपूर पाण्यात, मीठ-तेल घालून उकडायच्या, आणि मधे एक कणी कच्ची असतानाच उपसायच्या. गार पाण्याखाली धरायच्या, तेलाचा हात लावायचा आणि मोठ्या परातीत पसरून ठेवायच्या. तासभर तरी. माझं सगळं चुकत होतं ते इथेच. मी गरम नूडल्स थेट कढईत टाकत होतो, मग त्या वाफेने चिकटायच्या. एका रात्री लगदा खरवडताना भाईचं वाक्य आठवलं. थंडा होऊ दे, सुखा होऊ दे. चौदा वर्षांचा असताना ऐकलेलं सोल्युशन, आणि मी यूट्यूबवर शोधत बसलेलो.

पाव किलो बोनलेस चिकनच्या बारीक पट्ट्या. त्याला सोया सॉस, मिरपूड, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, थोडं अंड्याचं पांढरं. अर्धा तास मुरू द्यायचं. चटणीसाठी ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटायच्या, तेल सुटेपर्यंत परतायच्या, मग किसलेला टोमॅटो, सोया सॉस, शेवटी व्हिनेगर. रंगाची पुडी नको, ब्याडगी पुरते.

आणि जाळ. गाडीवरच्या भट्टीला मोठ्या प्रेशरचा गॅस असतो, ज्वाळा कढईच्या कडेने वर येते. घरच्या शेगडीवर तो धुराचा वास येत नाही. तिथे एकच उपाय, एका वेळी एकाच माणसापुरतं करायचं. कढईत गर्दी झाली की भाजी परतली न जाता शिजते आणि पाणी सोडते.

पण आमच्याकडे दुसरा उपाय निघाला, तोही आजीमुळे. आजी माळकरी. घरात चिकन शिजत नाही, जे काही असेल ते मागच्या दारी चुलीवर, वेगळ्या भांड्यात. तर मी नाइलाजाने लोखंडी कढई घेऊन मागे गेलो, बाभळीची लाकडं घातली, फुंकणीने जाळ केला. कढई धुरायला लागल्यावर तेल, लसूण, चिकन. चिकन बाजूला काढून कोबी, गाजर, ढोबळी, दोन मिनिटंच. मग नूडल्स, चटणी, चिकन परत आत, वरून पात. कडेने ज्वाळा आत वाकली आणि तो वास आला. अगदी तोच. चुलत भाऊ गोठ्यातून ओरडला, "आरं, भाईची गाडी आली का काय!"

आजीसाठी बिनचिकनच्या, बिनलसणाच्या आधीच वेगळ्या परतून ठेवल्या होत्या. तिने ताटलीत बोटाने उचलून बघितलं. "ह्या तं शेवयाच हायेत की रं. गूळ न्हाई घातला का?" मग दोनदा घेतल्या. एवढी लाकडं जाळली म्हणून बोललीही.

जाता जाता जुन्नरचंच एक. आपल्या लेण्यांत, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ब्राह्मी लेखांत, तीन यवनांची नावं आहेत. इरिल, चिट आणि चंद. समुद्रापलीकडून नाणेघाटाच्या वाटेने येणाऱ्यांपैकी असावेत. एकाने पाण्याच्या टाक्या दिल्या. आणि चिट नावाच्या त्या परक्या माणसाने काय दान दिलं माहितीये? भिक्षूंसाठी भोजनमंडप. जेवायची जागा. दोन हजार वर्षं होत आली, त्याचं नाव दगडात आहे.

भाईचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री चुलीपाशी सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून एक विनंती. नारायणगावला मार्च २०२० पर्यंत निळी गाडी लागायची, तिच्यावर काम करणाऱ्याला तुमच्यापैकी कुणी ओळखत असेल, तर माझा निरोप त्याच्यापर्यंत पोचवा. नाव इथे जाहीर लिहू नका, त्याला चालणार असेल तरच मला कळवा. नूडल्स आता चिकटत नाहीत, एवढं त्याला सांगायचंय. आणि त्या ओरडण्याबद्दलही बोलायचंय, ते मी स्वतःच बोलेन.

भेटू पुढच्या भागात.